दुसरा शब्द

बसालिझाने पेनाचं टोपण दातांनी काढलं, रजिस्टरमधली कोरी ओळ बोटाने शोधली आणि मान वर न करताच विचारलं,

"नाव?"

"ओरिशाबा."

"गाव?"

"कबालेकडचं. वर डोंगरात."

"म्हणजे चिगा."

"हो."

"बरं. आणि म्पाको?"

म्पाकोसाठी रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. सरकारला त्याची गरज नसते, इथल्या, तोरोमधल्या माणसाला असते. नाव बाप ठेवतो नाहीतर पाद्री ठेवतो, ते शाळेत आणि दवाखान्यात चालतं. पण सकाळी रस्त्यात भेटलेल्या माणसाला 'बरं आहे ना' असं विचारायचं तर त्याचं म्पाको ठाऊक हवं. सगळी मिळून बारा-एक नावं, त्यातलं एक प्रत्येकाच्या वाट्याला. ते न लावता बोलणं म्हणजे बोलल्यासारखं करून तोंड फिरवणं. बसालिझा तीस वर्षं फोर्ट पोर्टलच्या कामगार कचेरीत कारकून होता आणि एवढ्या वर्षांत त्याने एकाही तक्रारदाराला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. ज्यांची तक्रार फेटाळली गेली त्यांनाही नाही.

"नाही," ओरिशाबा म्हणाली.

"नाही?"

"आमच्या चिगांमध्ये नसतं."

"ते माहीत आहे मला. पण इकडे येऊन किती दिवस झाले?"

"चौदा महिने काम केलं."

"आणि चौदा महिन्यांत तुला कुणी दिलं नाही?" त्याने आता मान वर केली. "आमचे साहेब पार गुलूचे, त्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात दिलं. अपूली. केक कापून."

"नाही दिलं कुणी."

बसालिझा चुकचुकला. आपल्याच लोकांची त्याला लाज वाटली असावी. मग त्याने तिला समोरचं बाक दाखवलं, पण बस म्हणताना तो जरा अडखळला. वाक्याच्या शेवटी काय ठेवायचं ते त्याला सुचेना.

ओरिशाबा खोटं बोलली होती.

तिला म्पाको होतं. कामाला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तळ्यावरच्या लॉजची मालकीण कबाहेंडा स्वयंपाकघरात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "असं बिननावाचं माणूस माझ्या घरात किती दिवस फिरवू? हाक मारायला गेलं की तोंडात खडा आल्यासारखं होतं." त्या रविवारी तिने स्वतः नाचणीचा करो घोटला, सोललेल्या घेवड्याचं फिरिंडा केलं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावलं आणि पहिला घास आपल्या हाताने ओरिशाबाच्या तोंडात घातला. "चालते तर पावलाचा आवाज नाही मेलीच्या," ती म्हाताऱ्यांना म्हणाली, "मांजराचंच नाव हिला. अब्वोली." म्हाताऱ्या हसल्या. ओरिशाबा मागच्या दारी भांडी घासताना रडली होती, आणि ते सुखाचं रडणं होतं. नवरा सोडून गेल्यापासून तिला कुणी हौसेने काही म्हटलं नव्हतं.

पहिले तीन महिने पगार हातात पडला. दीड लाख शिलिंग, मोजून. मग सरकारने तळ्याकडे जाणारा रस्ता खोदून ठेवला, पाहुणे यायचे थांबले आणि कबाहेंडा पगाराच्या दिवशी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू लागली. पुढचा महिना आला की त्याच्या पुढचा. ओरिशाबा चादरी धूत राहिली, सहा खोल्या झाडत राहिली, पाहुणे नसलेल्या खोल्यासुद्धा. अकरा महिने झाले तेव्हा ती स्पष्ट बोलली. कबाहेंडाला ते लागलं. "इथे खातेस, इथे झोपतेस," ती म्हणाली, "लेकीला कुणी पगार देतं का?" त्यानंतर चार दिवसांनी ओरिशाबा आपली पिशवी घेऊन निघाली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून या कचेरीत आली.

आणि आज बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसून येताना तिने मनाशी गाठ मारली होती की त्या घरचं काहीही तोंडात घ्यायचं नाही. नावसुद्धा.

बाजारामागे तिने एक खोली बघून ठेवली होती. घरमालकाला तीन महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं आणि तो शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबणार होता, त्यापुढे नाही. खोली मिळाली तर अकाम्पाला आणता येणार होतं. अकाम्पा तिची मुलगी, सहा वर्षांची, कबालेला थोरल्या बहिणीकडे ठेवलेली. गेल्या रविवारी फोनवर अकाम्पा म्हणाली, "आईने आज बटाटे उकडले, मावशी." मग लगेच म्हणाली, "म्हणजे मावशीने." ओरिशाबा हसली होती. अजून एक वर्ष असंच गेलं, तर पोर चूक दुरुस्त करायचीसुद्धा नाही.

ही तिसरी तारीख होती. पहिल्या दोन तारखांना कबाहेंडा आलीच नाही, आणि बसालिझाही मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता. आज दहा वाजून गेले. बाहेर चहाच्या कारखान्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते. खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथून ती धूळ सरळ फायलींवर येऊन बसत होती. ओरिशाबा बाकावर नीट पाठ टेकूनही बसली नाही.

सव्वादहाला कबाहेंडा आत आली. साठीच्या पुढची, सडपातळ बाई. अंगावरून पांढऱ्या कापडाची सूका खांद्यावर नेटकी गाठ मारून घेतलेली, हातात मोठी काळी बॅग. बाकाकडे तिने पाहिलंच नाही.

"कसं काय, अराली?"

बसालिझा खुर्चीतून उठलाच. "बरं आहे, अकीकी. बसा ना. पोरगी अजून तुमच्या बोकडाचं नाव काढते. लग्नात तेवढंच मटण पुरलं."

"सुखात आहे ना?"

"तुमच्या आशीर्वादाने."

ओरिशाबाने एकमेकांना लावलेली ही म्पाको ऐकली आणि तिच्या मनात आलं, झालं, संपलं. कारकून यांचाच.

आतल्या खोलीत ओलान्या साहेब बसले होते. तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर कायद्याचं पुस्तक. तोरो भाषा त्यांना येत नव्हती. पाच महिन्यांत 'धन्यवाद' आणि 'केळी किती' एवढंच शिकले होते; बाकीचं बसालिझा त्यांना इंग्रजीत सांगे. सगळे बसल्यावर त्यांनी आधी कारकुनालाच धरलं.

"बसालिझा, मागच्यासारखं नको. माणूस पाच मिनिटं बोलतो आणि तुम्ही मला सांगता, 'साहेब, तो नाही म्हणतोय.' आज या खोलीत जो शब्द बोलला जाईल तो मला हवा. प्रत्येक शब्द. आणि कागदावरही."

"होय साहेब," बसालिझा म्हणाला. त्याला ते आवडलं नव्हतं.

कबाहेंडाने बॅगेतून एक कागद काढून पुढे सरकवला. कंपालातल्या भाच्याने टाइप करून पाठवलेला, खाली तिची सही. साहेबांनी तो वाचला आणि बसालिझाने तो ओरिशाबाला तिच्या समजण्यासारख्या भाषेत सांगितला: सदर महिलेला मी ओळखत नाही. माझ्या लॉजमध्ये साफसफाई ठेकेदारामार्फत होत असे. ठेकेदार आता काँगोत निघून गेला आहे. सदर महिलेचा पगार देण्याची जबाबदारी माझी नाही.

"हे तुम्हीच लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"सही माझी आहे."

"या बाईला तुम्ही ओळखता का?"

कबाहेंडा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "लॉजवर येणारे-जाणारे पुष्कळ असतात."

"ओळखता का?"

"नाही."

ओरिशाबाला वाटलं होतं, राग येईल. उभं राहून काय काय बोलायचं ते तिने बोडावर घोकून ठेवलं होतं. राग आलाच नाही. चौदा महिने जिच्या पायाला रोज सकाळी तुपाचा हात लावला, ती बाई कॅलेंडरकडे बघून 'नाही' म्हणाली होती.

"तुझ्याकडे काही कागद?" साहेब तिच्याकडे वळले. "नेमणुकीचं पत्र? पगाराची पावती?"

"नाही साहेब. हातात द्यायच्या."

"मोबाइलवर पैसे आले कधी?"

"नाही."

"साक्षीदार?"

"रखवालदार होता, तो कासेसेला निघून गेला. स्वयंपाकीण आहे. पण ती येणार नाही. तिचेही सहा महिन्यांचे राहिलेत, पण तिला अजून आशा आहे."

साहेबांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते आवरलं.

"फोटो?"

"फोन तळ्यात पडला होता साहेब. हा नवा आहे. पण मला सगळं माहीत आहे ना! तीन नंबरच्या खोलीचा नळ उजवीकडे फिरवला तर पाणी येत नाही. चादरी एकूण बावीस, त्यातल्या दोन रफू केलेल्या. यांना चहात साखर लागत नाही, आलं लागतं."

बसालिझाने एकेक शब्द सांगितला, नळासकट.

"पाहुण्यांनाही माहीत असतं ते," कबाहेंडा म्हणाली. वाक्य तिचं नव्हतं, भाच्याचं होतं. पाठ केलेलं म्हणताना माणसाचा आवाज कसा सपाट होतो, तसा तिचा झाला होता.

साहेबांनी पेन बोटांमध्ये फिरवलं. मग ते खरंच वाईट वाटल्यासारखे बोलले, आणि ओरिशाबाला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

"हे बघ. अकरा महिन्यांचे दीड लाखाप्रमाणे साडेसोळा लाख. लहान रक्कम नाही. तुझ्याकडे तुझा शब्द आहे, यांच्याकडे यांचा. आणि वर यांच्याकडे कागद आहे. एवढ्यावर मी हुकूम केला तर तो टिकणार नाही. मला ही फाइल बंद करावी लागेल. तुला कोर्टात जाता येईल."

"कोर्टात वकील लागतो ना साहेब?"

साहेबांनी फाइल जवळ ओढली आणि शेवटचं पान उघडलं. ओरिशाबा त्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. शुक्रवारला तीन दिवस होते. घरमालक खोली दुसऱ्याला देईल, अकाम्पा शाळेत मावशीचं नाव आईच्या रकान्यात सांगेल, आणि इथे सगळं कसं नीट, कायदेशीर होऊन संपेल.

तेवढ्यात बाहेरून एक ट्रक गेला, धुळीचा लोट आत आला आणि कबाहेंडाला खोकला सुटला.

साधा खोकला नव्हता तो. तिला वर्षानुवर्षांचा दम होता. एकदा सुरू झाला की थांबत नसे. ती एका हाताने टेबल धरून वाकली, दुसऱ्या हाताने बॅगेतून थर्मास ओढून काढला आणि झाकण फिरवू लागली. झाकण निघेना. साहेब अर्धवट उठले, 'पाणी, पाणी' म्हणत इकडेतिकडे पाहू लागले. बसालिझाचे हात कागदांत अडकलेले होते.

ओरिशाबा कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने थर्मास घेतला, झाकण आधी दाबलं, मग उलटं फिरवलं, कारण ते तसंच उघडत असे, आणि अर्धं झाकण कोमट पाणी ओतलं. भरून नाही, भरून दिलं की हात थरथरून सूकेवर सांडतं. मग गुडघे टेकून दोन्ही हातांनी ते पुढे धरलं, जसं मोठ्या माणसाला द्यायचं असतं, जसं ती रोज सकाळी देत असे.

कबाहेंडा प्यायली. दोन घोट, थोडं थांबून तिसरा. डोळ्यांत पाणी आलेलं होतं. श्वास खाली बसला तसं तिने झाकण परत केलं.

"वेबाले, अब्वोली."

ओरिशाबा गुडघ्यांवरच राहिली. बसालिझाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, आणि टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी विचारलं.

"आभार मानले, साहेब."

"बरं." साहेबांनी पान पुन्हा सरळ केलं, आणि ते थांबले. "'वेबाले' मला कळतं, बसालिझा. त्या दोन शब्द बोलल्या."

बसालिझाने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी. बोकड, लग्न, चर्चमधली शेजारची रांग, हे सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याने कबाहेंडाकडे पाहिलं नाही. ओरिशाबाला त्याची दया आली. मग स्वतःसाठी भीती वाटली, की हा आता काहीतरी भलतं सांगणार.

"मी सकाळीच काय सांगितलं?" साहेब म्हणाले.

"प्रत्येक शब्द."

"मग?"

"दुसरा शब्द नाव आहे साहेब. म्पाको. तुम्हाला आम्ही दिलं ना, अपूली? तसं."

"ते? मला वाटलं, तुम्ही माझी चेष्टा करता."

"चेष्टा नाही साहेब," बसालिझा दुखावून म्हणाला. "ते असंच कुणाला चिकटत नाही. कुणीतरी बसवून, खाऊ घालून द्यावं लागतं. आमच्यात जन्मल्यावर देतात. ही बाई चिगा. यांच्यात नसतंच. हिला कुणी दिलं असेल तरच असेल."

"आणि आहे?"

"सकाळी मी हिला विचारलं होतं." आता मात्र त्याने थेट समोर पाहिलं. "ही म्हणाली, मला नाही. कुणी दिलंच नाही."

हे शेवटचं त्याने साहेबांसाठी इंग्रजीत सांगितलं, आणि मग सवयीने, सगळ्यांना कळावं म्हणून, तोरोतही सांगितलं. तसं सांगायची काही गरज नव्हती.

कबाहेंडाने मान वळवली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच तिने ओरिशाबाकडे पाहिलं.

"नाही म्हणालीस?"

ओरिशाबाने हातातलं झाकण थर्मासवर बसवलं.

"कुणी दिलं नाही, असं म्हणालीस? तू?" कबाहेंडाचा आवाज चढला. दम गेला कुठल्याकुठे. "मी पहाटे उठून करो घोटला. या हाताने भरवलं तुला. न्यामाहुंगेची म्हातारी गुडघे दुखत असताना तळ्याला वळसा घालून आली, तुझ्यासाठी! चौदा महिने माझ्या घरात त्या नावाने हिंडलीस, 'अब्वोली, चादरी काढ', 'अब्वोली, पाहुण्यांना चहा ने', एकदा म्हणून 'ओ' द्यायला चुकली नाहीस, आणि इथे येऊन परक्या लोकांना सांगतेस, मला नावच नाही? एवढी कशी गं उलटलीस?"

"काय म्हणतायत?" साहेब हळूच म्हणाले.

बसालिझा लिहीत होता. लिहिता लिहिताच, डोकं वर न काढता, तो सांगू लागला. "त्या म्हणतात, मी पहाटे उठून स्वयंपाक केला. त्या म्हणतात, या हाताने भरवलं. त्या म्हणतात, चौदा महिने माझ्या घरात..."

कबाहेंडाच्या कानांवर तिचेच शब्द दुसऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या आवाजात, सावकाश येऊ लागले. इंग्रजी तिला कळत होतं. 'चादरी काढ'पर्यंत आल्यावर तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. तिने सूकेची गाठ चाचपली, आणि खुर्चीत ती एकाएकी लहान दिसायला लागली.

साहेबांनी टाइप केलेला कागद उचलला, त्याची घडी घातली आणि बाजूला ठेवला.

"पगार किती ठरला होता?" त्यांनी विचारलं.

"दीड लाख," कबाहेंडा म्हणाली. "महिन्याला. पहिले तीन दिले." मग टेबलाकडे बघत, कुणालाच नाही अशी: "वर्ष होत आलं, रस्ता खोदून ठेवलाय. माणूस फिरकत नाही. हिला दिले तर स्वयंपाकीण येईल, रखवालदार येईल. भाचा म्हणाला, ओळखत नाही म्हण, एका शब्दात सुटशील." तिने ओरिशाबाकडे पाहिलं. "मी तुला परकी कधी धरलं? लेकीला कुणी पगार देतं का गं?"

"लेकीला कुणी 'ओळखत नाही' म्हणतं का, अकीकी?"

ओरिशाबा हे मोठ्याने बोलली नाही. पण अकीकी म्हटलं गेलंच. ते म्हणायचं नाही, असंही तिने ठरवलं होतं. बसालिझाने मान वर केली, हे सांगायचं की नाही अशी. साहेबांनी हातानेच नको म्हटलं.

पुढचं काम अर्ध्या तासात उरकलं. साडेपाच लाखांचे तीन हप्ते, पहिला शुक्रवारी सकाळी, याच कचेरीत. लॉजच्या मागची दोन वासरं विकावी लागतील, असं कबाहेंडा म्हणाली, आणि ओरिशाबाला ती दोन्ही वासरं नावानिशी आठवली. त्यांना दूध पाजायला ती अंधारातच उठत असे. कुणाला जिंकल्यासारखं वाटावं असं त्या खोलीत काही नव्हतं. पण शुक्रवार सकाळ म्हणजे शुक्रवार संध्याकाळच्या आधी, हे तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं.

"नाव कसं लिहू साहेब?" बसालिझाने कराराच्या कागदावर पेन धरून विचारलं.

"कामावर तिला ज्या नावाने बोलवत होते ते लिहा. तोच तर पुरावा आहे."

बसालिझाने लिहिलं. सावकाश, अक्षर वळवून.

सह्या झाल्यावर कबाहेंडा कुणाशी न बोलता बाहेर पडली. थर्मास टेबलावरच राहिला. ओरिशाबाने तो उचलला आणि तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेली. कबाहेंडा पायरीवर उभी राहून बॅगेचा बंद नीट करत होती.

ओरिशाबाने थर्मास पुढे केला. दोन्ही हातांनी. या खेपेला गुडघे टेकले नाहीत.

कबाहेंडाने तो घेतला, झाकण घट्ट आहे ना पाहिलं.

"वेबाले," ती म्हणाली.

आणि थांबली. ओठ उघडेच होते. तोरोमध्ये वाढलेल्या माणसाचं वाक्य तिथे संपत नाही, ते दोघींनाही ठाऊक होतं. ओरिशाबा वाट बघत राहिली. आपण वाट बघतोय याचा तिला रागही आला. मग कबाहेंडाने ओठ मिटले, थर्मास बॅगेत घातला आणि ती पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागली. धुळीच्या रस्त्यावरून जाताना तिने सूका जराशी वर उचलून धरली होती.

"अब्वोली!" आतून बसालिझाने मोठ्याने हाक मारली. "अगं अब्वोली, तुझा कागद राहिला इथे!"

फाटकावर हात ठेवलेली कबाहेंडा जागच्या जागी थबकली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ओरिशाबाने तिच्या पाठीकडे पाहिलं. मग ती वळली.

"आले, अराली," असं म्हणून ती कागद घ्यायला आत गेली.